औषधी मळ्यातील आच्छादन : शिरूर-दौंडच्या रेताड जमिनीतील काही अनुभव

भुईआवळ्याच्या दोन खेपा आजवर माझ्याकडे परत आल्या आहेत. पहिली परत आली ती वाळूमुळे. दुसरी आली ती वाळू टाळण्यासाठी मी जो उपाय केला त्यामुळे. दोन्ही वेळा माल घेणाऱ्या औषधनिर्मात्यांचे म्हणणे रास्त होते आणि दोष माझ्या मळ्याचा होता, हे आरंभीच नमूद करतो. शेतकऱ्याच्या लेखी जमिनीवरचे आच्छादन म्हणजे ओल टिकवण्याची एक युक्ती. वैद्याच्या आणि फार्मसीचालकाच्या लेखी मात्र ती द्रव्याच्या शुद्धीची बाब आहे, हे उमजण्यास मला चार पावसाळे लागले. ज्या वैद्यबंधूंनी दवाखान्यामागे, मळ्यात किंवा कारखान्याच्या आवारात औषधी लागवड केली आहे, त्यांचे तरी हे पावसाळे वाचावेत, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे.

माझा मळा शिरूर-चौफुला रस्त्याच्या बाजूला, न्हावऱ्याच्या अलीकडे आहे. क्षेत्र दोन एकर. वरच्या अंगाला मुरमाड माळ, खालच्या अंगाला ओढ्याने आणून टाकलेली रेताड माती. भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड, या दोन्ही तालुक्यांत नदीकाठची आणि कालव्याखालची काळी जमीन सोडली तर बहुतेक माळाची जात हीच. पाऊस वर्षाला साधारण ४५० ते ५५० मिलिमीटर. त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात, परतीच्या पावसात पडतो. ज्येष्ठ-आषाढात वारा फार आणि पाऊस थोडा. चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उघड्या रेतीवर दुपारी अनवाणी उभे राहवत नाही. अशा जमिनीत पाणी घातले तर ते दोन मार्गांनी जाते. काही सूर्य उचलतो, उरलेले वाळूतून थेट खाली निसटते. आच्छादन पहिली वाट अडवते. दुसरी वाट ते लगेच अडवत नाही. कुजून मातीत मिसळल्यावर, काही वर्षांनी, वाळूच्या कणांना धरून ठेवणारा अंश तयार होतो तेव्हा तीही थोडी अरुंद होते. पहिल्याच वर्षी चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा.

शास्त्रातील भूमी आणि आपली भूमी

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, मदनकल्पात, देशाची लक्षणे सांगितली आहेत. जांगल देशाच्या वर्णनात मृगजळ आहे, खरखरीत वाळू आणि खडे आहेत, लाव आणि तित्तिर पक्षी आहेत. वैशाखातल्या दुपारी चौफुल्याकडून सुप्याच्या बाजूला गेलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. दौंडच्या शिवेलगत, बारामती तालुक्यातील सुप्याला १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले ते चिंकारा हरणांसाठी; म्हणजे जांगल देशातील मृगही आपल्याकडे आहेत. औषधे साधारण किंवा जांगल देशातील घ्यावीत, असे चरकाचार्यच सांगतात. तेव्हा आपला माळ औषधासाठी कमअस्सल आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील छत्तिसाव्या अध्यायात औषधभूमीची परीक्षा सांगताना शर्करा, सिकता आणि वल्मीक यांनी दूषित झालेली जमीन वर्ज्य मानली आहे. म्हणजे खडे, वाळू आणि वारूळ. एकीकडे वाळूने भरलेला जांगल देश प्रशस्त आणि दुसरीकडे वाळूने बिघडलेली भूमी वर्ज्य, हा विरोध पदवीच्या अभ्यासक्रमात मला कधी जाणवला नव्हता. मळा केल्यावर जाणवला. माझ्या समजुतीप्रमाणे यात विरोध नाही. देशाचे वारे, ऊन आणि रूक्षता औषधाला हवी आहे. मुळाशी मात्र माती स्निग्ध आणि मऊ हवी आहे. चरकाचार्य त्याच ठिकाणी कुश आणि रोहिष या गवतांनी व्यापलेली, नांगर न फिरलेली, स्निग्ध मातीची जमीन सांगतात. यावरून प्राचीनांना आच्छादनाचे तंत्र ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे ही ओढाताण होईल. तेथे उगवलेल्या गवताचा उल्लेख आहे, अंथरलेल्या काडाचा नाही. तरीही गवताखालची, न उकरलेली माती कशी असते हे ज्याने हातात घेऊन पाहिले आहे, त्याला आच्छादनाचे उद्दिष्ट वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दोन खेपांची हकीकत

२०१६ साली पाऊस चांगला झाला. उघड्या वाफ्यांवर भुईआवळा दाट आला आणि आश्विनात मी तो मुळासकट उपटून, सावलीत वाळवून पाठवला. अहवालात ॲसिड इन्सोल्युबल ॲश मर्यादेच्या बाहेर गेली. ही राख म्हणजे आम्लात न विरघळणारा अंश, आणि पंचांग द्रव्यात तो बहुतांशी वाळूचा असतो. मुळांना चिकटलेली रेती मी झटकली होती. पानांच्या खालच्या बाजूची रेती माझ्या ध्यानातच आली नव्हती. उघड्या रेताड जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब आपटला की बारीक कण वीतभर उडतात. भुईआवळा, माका, ब्राह्मी, पुनर्नवा या जमिनीलगतच्या वनस्पती त्या कणांचा लेप घेऊनच वाढतात. तुळशीच्या खालच्या फांद्यांचीही तीच गत. मातीबरोबर मातीतील सूक्ष्म जंतूही पानावर चढतात, त्यामुळे मायक्रोबियल लोडचा आकडाही वाढतो. आच्छादनाचा हा लाभ शेतीच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत आटोपतो. आपल्या दृष्टीने तो ओल टिकण्याइतकाच मोलाचा आहे.

पुढच्या वर्षी मी उसाच्या पाचटाची यंत्रावर बारीक कुट्टी करून घेतली आणि भुईआवळ्याच्या ओळींत चार अंगुळे जाडीने पसरली. झाडोरा स्वच्छ आला, पानावर वाळू नव्हती, खुरपणीची मजुरी निम्म्यावर आली. मी स्वतःवर खूश होतो. काढणीच्या वेळी असे दिसले की कुट्टीचे बोटभर तुकडे मुळांच्या जाळ्यात गुंतले आहेत. बायकांनी निवडून काढले तितके काढले. फार्मसीत नमुना पांढऱ्या कागदावर पसरला तेव्हा ते तुकडे वेगळे दिसले आणि फॉरेन मॅटरच्या रकान्यात खेप अडकली. फार्माकोपियाच्या प्रबंधांत ही मर्यादा अनेक वनस्पतींना दोन टक्के आहे. वाळलेला भुईआवळा वजनाला हलका असतो. त्यात दोन टक्के पाचट भरण्यास फारसे पाचट लागत नाही.

यातून निघालेला धडा साधा आहे. जी वनस्पती मुळासकट उपटायची किंवा जमिनीलगत कापायची आहे, तिला कुट्टी घालू नये. तिला लांब, अखंड पाचट ओळींच्या मधोमध आडवे घालावे, जेणेकरून काढणीपूर्वी ते दाताळ्याने ओढून चटकन बाजूला करता येईल. कुट्टी, भुस्सा, शेंगांची टरफले, लाकडाचा चुरा ही बारीक द्रव्ये वृक्षांच्या आणि वेलींच्या आळ्यांसाठी ठेवावीत, जेथे साल, पान किंवा फळ जमिनीपासून उंचावर काढले जाते. अर्जुन, शिवण, बेहडा, कडुनिंबावर चढवलेली गुळवेल, अडुळसा यांना कुट्टी चालते. शतावरीला मी कुट्टी देतो, पण खणण्याआधी तीन आठवडे ती पूर्ण काढून घेतो आणि वाफा उघडा सुकू देतो.

काय अंथरावे, काय टाळावे

आपल्या भागात आच्छादनाच्या निवडीवर सर्वांत मोठे बंधन जनावरांचे आहे. कडबा, सरमाड, हरभऱ्याचे भूस ही सगळी वैरण आहे. दुष्काळात ती झाडाखाली घालणाऱ्याला गावात कोणी शहाणे म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे. राहते ते पाचट. ते वैरणीला निरुपयोगी, आणि दोन्ही तालुक्यांत ऊसतोडीच्या हंगामात बांधोबांधी पडलेले. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशींमध्ये एका हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते, असा हिशेब दिला जातो. त्यातून ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश जमिनीला मिळू शकते. इतके असूनही तोडणी उरकली की रात्री ते पेटवले जाते. सुदैवाने अलीकडे हार्वेस्टर आणि बेलर आल्यामुळे पाचटाच्या गाठी मिळू लागल्या आहेत आणि वाहतूक सोपी झाली आहे. बगॅस मात्र आता सहजासहजी मिळत नाही; कारखाने ते सहवीजनिर्मितीसाठी स्वतःच वापरतात.

पाचट घेताना एक चौकशी अवश्य करावी. त्या उसावर तणनाशक कोणते आणि केव्हा मारले होते? उसात ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी ही द्रव्ये सर्रास वापरली जातात. तोडणीपर्यंत बारा-चौदा महिने लोटलेले असतात, त्यामुळे बहुधा धोका राहत नाही; पण 'बहुधा' या शब्दावर औषधाची खेप सोडू नये. मी करतो ती परीक्षा बिनखर्चाची आहे. दोन कुंड्यांत सारखी माती घ्यावी, एकीत पाचट बारीक करून मिसळावे, दोन्हींत मूग पेरावेत. दोन-तीन आठवड्यांत पाचटाच्या कुंडीतील मुगाची पाने मुडपली, वाकडी झाली किंवा कडेने पांढुरकी पडली तर ते पाचट औषधी मळ्यात आणू नये. नुसती पिवळी पडली तर ते नत्र अडकल्याचे लक्षण असू शकते, कारण कच्चे पाचट मातीत मिसळले की ते कुजवणारे जंतू मातीतला नत्र ओढून घेतात. याच कारणास्तव पाचट मातीवर अंथरावे, मातीत गाडू नये.

राखेविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. गुऱ्हाळांची आणि वीटभट्ट्यांची राख आपल्याकडे फुकट मिळते आणि काही जण ती वाळवीवर उपाय म्हणून बुडाशी टाकतात. जळण म्हणून काय जाळले होते याची खात्री नसलेली राख औषधी जमिनीत कदापि घालू नये. वनौषधींच्या कच्च्या मालात शिशाची मर्यादा दशलक्षांश १०, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची अवघी ०.३ आहे. मुळात साठणाऱ्या अशा अंशांना काढा करताना किंवा चूर्ण गाळताना बाहेर काढता येत नाही. शहरी कचऱ्याच्या खताबाबतही माझे हेच मत आहे.

प्लास्टिकचा मल्चिंग पेपर टरबूज-मिरचीला उपयोगी असेल. माझ्याकडे एका वाफ्यावर तो वापरून पाहिला. दुसऱ्या उन्हाळ्यात वाऱ्याने त्याच्या चिंध्या झाल्या आणि आजही शतावरी खणताना त्याचे तुकडे निघतात. शिवाय लव्हाळ्याने तो ठिकठिकाणी भोसकला. लव्हाळा, म्हणजे आपली मुस्ता, आणि हरळी, म्हणजे दूर्वा, या दोघींना पाचटही रोखू शकत नाही. वैद्याच्या मळ्यात तणांचीही किंमत होते, हे समाधान मानून मी त्या वेगळ्या खणून घेतो.

दवाखान्यांच्या आणि कारखान्यांच्या दर्शनी भागात पांढरे गोटे किंवा काळी खडी पसरण्याची चाल रूढ झाली आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना अशा बागा पुष्कळ दिसतात. दिसायला नीटनेटके असते, पण पांढरा दगड ऊन वर फेकतो आणि खालची पाने करपतात. काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत मुळांना गार होऊ देत नाही. कुमारी आणि गुग्गुळ यांच्या बुडाशी मात्र दगडच बरा. त्यांना ओलसर पाचट सोसत नाही, कुमारीचा गड्डा सडतो. नक्षत्रवनातील कोवळ्या रोपांना गोट्यांचा शृंगार करण्यापेक्षा त्यांच्याच पालापाचोळ्याचे आळे भरावे. नाही तरी माळी रोज सकाळी तो झाडून जाळतच असतो.

फार्मसीतील चोथा

औषधनिर्मात्या वाचकांसाठी हा विषय स्वतंत्रपणे मांडतो. काढ्याचा चोथा ही प्रत्येक फार्मसीची डोकेदुखी आहे. ओला चोथा ढीग करून ठेवला तर दोन दिवसांत तापतो, आंबतो आणि शेजारी तक्रार करतात. तो आच्छादनासाठी उत्तम द्रव्य होऊ शकतो, परंतु थेट नव्हे. प्रथम पातळ थरात उन्हात पसरून त्यातले पाणी उडवावे. मग एक थर चोथा, दोन थर पाचट, वर शेणकाला, अशा पद्धतीने ढीग लावून तीन ते चार महिने कुजवावा. मधून दोनदा उलथावा. मातकट वास येऊ लागला आणि मूळ द्रव्य ओळखू येईनासे झाले की मगच तो झाडाखाली न्यावा.

'ओळखू येईनासे झाले की' हे शब्द मी हेतुपूर्वक वापरले आहेत. काढा काढून निःसत्त्व झालेले द्रव्य पुन्हा बाजारात येणे हा भेसळीचा जुना प्रकार आहे. दशमुळाच्या चोथ्याचे ओळखू येणारे तुकडे शतावरीच्या वाफ्यात पसरले आणि ते काढणीत मिसळले, तर आपला हेतू कितीही शुद्ध असला तरी तपासनीस त्याला भेसळच म्हणेल. म्हणून चोथ्याचे खत मी विक्रीच्या पंचांग द्रव्यांखाली कधीच घालत नाही. ते वृक्षांना जाते.

काही चोथे कोठेच घालू नयेत. भल्लातकाचा चोथा आणि त्याच्या शोधनातील विटांचा चुरा, वत्सनाभ आणि कुचला यांच्या शोधनातील उरलेले द्रव, रसशाळेच्या फरशीची झाडलोट ही वेगळी बंद ठेवून त्यांची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावावी. तैलसिद्धीतील कल्कही टाळावा. त्यातील तेलाचा अंश रेतीच्या कणांना लागला की पाणी वरून ओघळून जाते, आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. क्षारनिर्मितीचे धुवण आपल्या कालव्याखालच्या चोपण होत चाललेल्या जमिनीत तर अजिबात नको.

केव्हा घालावे, कसे राखावे

२०१८ साली मी तिसरी चूक केली. पाऊस येणार म्हणून ज्येष्ठातच, कोरड्या जमिनीवर, पाचटाचा जाड थर देऊन मोकळा झालो. त्या वर्षी पाऊस आला तो भुरभुर. दोन-तीन मिलिमीटरची सर पडे, पाचट वरून ओले दिसे, दुपारपर्यंत वाळून जाई. आमच्या मळ्यात काम करणाऱ्या मामांनी श्रावणात एके दिवशी पाचट बाजूला सारून मला खालची माती दाखवली. ती पिठासारखी कोरडी होती.

"डॉक्टर, गोधडी घातलीत, पण आधी पाणी कुठं पाजलंत?" ते म्हणाले. "ही आता वरचं पाणी खाली जाऊ देईना."

त्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस शासनाने दुष्काळ जाहीर केला त्यात शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके होते, त्यामुळे नुकसानीचे खापर मला पावसावर फोडता आले असते. पण शेजारच्या उघड्या वाफ्यातील सराटे, म्हणजे गोखरू, माझ्या झाकलेल्या वाफ्यातील रोपांपेक्षा तरारलेले होते, हे सत्य आहे. तेव्हापासून क्रम ठरवला आहे. जमीन वीतभर खोल ओली झाल्यावर, वाफसा आला की, म्हणजे मूठ वळल्यास माती जुळते पण बोटांना चिकटत नाही अशा वेळी, आच्छादन घालायचे. पाऊस पुरेसा नसेल तर आवर्तनाच्या पाण्याने भिजवून मग घालायचे. ठिबकच्या नळ्या नेहमी आच्छादनाच्या खाली, आणि आठवड्यातून एकदा हात घालून पाहणे, कारण उंदीर त्या कुरतडतात आणि वरून काहीच कळत नाही.

जाडी दाबून बसल्यावर मोजावी. लांब पाचट चार अंगुळे, कुट्टी दोन ते तीन अंगुळे पुरे. खोडापासून चारही बाजूंनी वीतभर जागा उघडी ठेवावी. गुळवेलीच्या बुडाशी ओले पाचट चिकटून राहिले तर साल सडते. सुक्या पाचटातून वाळवी थेट खोडावर चढते. वल्मीकभूमी शास्त्राने वर्ज्य मानली आहे, आणि येथे तर आपणच वारुळाला आमंत्रण देतो. वाळवी सुक्या पाचटात घर करते. शेणकाल्याने किंवा जीवामृताने अधूनमधून भिजवलेले, कुजू लागलेले पाचट तिला तितके मानवत नाही. सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत जीवामृत, आच्छादन आणि वाफसा ही एकत्र सांगितली जातात, त्यातील हा मेळ मला अनुभवाने पटला. त्यांच्या इतर सर्व दाव्यांविषयी मी येथे बोलत नाही. शेणकाला मात्र पंचांग द्रव्यांवर काढणीच्या आधीचे तीन-चार महिने शिंपडू नये. जंतुपरीक्षणात तो हमखास दिसतो. वाळवी फारच झाली तर निंबोळी पेंड. क्लोरपायरीफॉसची बाटली मळ्याच्या फाटकातून आत येता कामा नये. पाचटाखाली हुमणीही वाढते. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे आणि शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

अश्वगंधेविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. हलकी जमीन आणि थोडा पाऊस हीच तिची आवड. फोकून पेरलेल्या अश्वगंधेवर पाचट घातले तर कोंब वरच येत नाहीत, आणि परतीच्या पावसात पाचटाखाली ओल साचून मूळ कुजते. मी तिला काहीही घालत नाही. जांगल देशात आच्छादन घालणे म्हणजे मुळाभोवती छोटासा साधारण देश निर्माण करणे होय. जे द्रव्य मुळातच जांगल आहे त्याला तो का द्यावा? मुळाशी असा देश बदलल्याने द्रव्याच्या रस-वीर्यात काही फरक पडतो का, हा प्रश्न मला छळतो. त्याचे उत्तर माझ्या दोन एकरांत मिळणार नाही. एकाच बियाण्याचे उघडे आणि झाकलेले वाफे शेजारी शेजारी लावून, दोन्हींचे सार वेगवेगळे तपासण्याची सोय ज्या महाविद्यालयांकडे आणि फार्मसींकडे आहे, त्यांनी हे काम हाती घ्यावे अशी विनंती करतो.

२०१९ मध्ये उलट घडले. पाऊस दिवाळी उलटली तरी थांबेना. ज्या शतावरीच्या वाफ्यांवरचे पाचट मी आश्विनात निम्मे ओढून घेतले ते तगले. जेथे हात पोहोचला नाही तेथे कंद मऊ पडून वास आला. म्हणून आता वर्षाऋतूच्या शेवटी थर पातळ करायचा, हेमंतात तसाच ठेवायचा आणि माघ-फाल्गुनात, तोडणीचे नवे पाचट मिळते तेव्हा, ग्रीष्मासाठी पुन्हा भर घालायची, असे वेळापत्रक आहे. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या बाजूने दहा पावले पट्टा उघडा ठेवतो. एका विडीने पाचट पेटते, आणि ठिबकच्या नळ्यांसह सगळे अर्ध्या तासात जाते.

आणखी एक गोष्ट मजुरांच्या जिवाची आहे. आपल्या भागात घोणस आणि फुरसे दोन्ही आहेत, आणि उंदरांमागे ती पाचटात येतात. पाचट कधीही हाताने उचलू देऊ नये. दाताळे, गुडघ्याखाली बूट आणि सकाळचा भरपूर उजेड, याविना आमच्याकडे त्या कामाला कोणी लागत नाही. दंश झालाच तर आपण स्वतः वैद्य असलो तरी बांधणे, चिरणे, लेप लावणे यांत एक मिनिटही न दवडता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

भुईआवळ्याची तिसरी खेप त्याच २०१९ च्या ओल्या वर्षी गेली. लांब पाचट ओळींत होते, ते काढणीच्या आठ दिवस आधी ओढून घेतले होते, उपटलेली रोपे दोन पाण्यांत धुऊन तागाच्या कापडावर सावलीत वाळवली होती. ती स्वीकारली गेली. अहवालाबरोबर औषधनिर्मात्यांनी विचारले होते, पुढील वर्षी माका देऊ शकाल काय? माक्याला आपल्या रेतीत ओल पुरत नाही, म्हणून ओढ्याकाठच्या खालच्या वाफ्यात तो लावून पाहिला. पहिली दोन वर्षे हातात काही आले नाही. तिसऱ्या वर्षापासून, पाचटाचे जुने थर मातीत मुरल्यावर, तेथील माती मूठ वळू लागली आहे. माका आता वर्षाला दोन कापण्या देतो.